वाचले आणि समजले

माणसाच्या तोंडाकडे पाहून त्याच्या पोटातलं ओळखायचं, या कलेत माझा हात धरणारं डेन्मार्कच्या आमच्या अख्ख्या फ्यून बेटावर कुणी नाही! खोटं वाटत असेल तर माझ्या आस्ताला विचारा. म्हणजे विचारून फारसा उपयोग नाही, कारण ती तेरा महिन्यांची आहे आणि तिला सध्या 'दा' एवढा एकच शब्द येतो. पण त्या एका 'दा'मधले भूक, झोप, ओला लंगोट आणि 'मांजर कुठे गेलं' हे चारही अर्थ मी पाठमोरी उभी राहून ओळखते. मग मोठ्या माणसांची काय कथा? ती तर बोलतात. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी बोलत होती.

आत्ता आस्ता बागेत सफरचंदाच्या झाडाखाली बाबागाडीत झोपली आहे. टोपीतून फक्त नाक दिसतंय. मला साधारण दीड तास मिळेल. तेवढ्यात सांगून टाकते.

मी खिडक्यांच्या कारखान्यात ऑर्डरी घेते. आमच्या विभागात नऊ माणसं, एक कॉफीचं मशीन आणि एक कायदा. कायदा असा, की ज्याने माती खाल्ली त्याने केक आणायचा. चूक आज झाली तर केक उद्या सकाळी दहाला टेबलावर हजर! ज्याची चूक त्यानेच कापायचा, आणि पहिला घास तोंडात जाण्याआधी काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग हसायचं, खायचं आणि बशा धुऊन झाल्या की विषय संपला. बशा धुतल्यानंतर त्या चुकीचं नाव कुणी काढायचं नाही. (आनंदाची बातमी असली तरी केक ज्याची बातमी त्यानेच आणायचा, हे काय वेगळं सांगायला हवं? आस्ता झाली तेव्हा माझे टाके ओले होते, तरी मी ब्राऊन साखरेचा ब्रुन्सविगर भाजून ऑफिसला पाठवला होता!)

मला जे काही काम येतं ते या केकांनी शिकवलं. बोडिलने एकदा न्हाणीघराची धूसर काच समुद्राकाठच्या हॉटेलाच्या जेवणघराला पाठवली आणि हॉटेलची लख्ख, आरपार काच गावच्या सभागृहाच्या स्वच्छतागृहाला. त्या दिवशीचा सफरचंदाचा केक मला अजून आठवतो. तेव्हापासून काचेच्या रकान्यात मी बोट ठेवून वाचते. टोर्बेनने मिलिमीटर आणि सेंटिमीटरची गल्लत केली तेव्हा एका आजोबांच्या बागेतल्या खोपटाला खोपटापेक्षा मोठी खिडकी गेली. आजोबा फोनवर म्हणाले होते, "खिडकी छान आहे हो, आता तिला घर पाठवा!"

तर अकरा महिन्यांच्या रजेनंतर मी कामावर परतले, ते एकच मागणं घेऊन. आठवड्याचे सदतीस तास कमी करून मला तीस हवे होते. सकाळी थोडं उशिरा येऊन चारऐवजी तीनला सुटायचं होतं. कारण चारला सुटून, सायकल मारत पाळणाघरात पोहोचेपर्यंत बाकी सगळी पोरं घरी गेलेली असत. माझी आस्ता कोट, टोपी, बूट घालून बाकावर एकटी बसलेली असे, स्टेशनावर विसरलेल्या पिशवीसारखी! मला पाहिलं की ती रडत नसे. नुसता सुस्कारा टाकत असे. तेरा महिन्यांच्या जिवाने सुस्कारा टाकावा? आईच्या काळजाचं काय होत असेल, ते ज्यांचं त्यांना माहीत.

आमचा साहेब फ्लेमिंग म्हणाला, "मेरेटे, मी तुझा अर्ज कोपनहेगनला पाठवतो. उत्तर आलं की तुला मिळेलच. आता सगळं स्पायरमधूनच येतं."

स्पायर म्हणजे कोंब. मी रजेवर असताना कंपनीने संगणकावर शिकण्याची ही नवी यंत्रणा आणली होती. प्रत्येकाच्या नावाने पडद्यावर एक कोंब. धडा पुरा केला की त्याला एक पान फुटतं. माझा कोंब अकरा महिने बिनपाण्याचा! उघडून पाहिला तर शेपूची जुडी आठवडाभर फ्रीजमध्ये राहिल्यावर दिसते तसा दिसत होता. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, 'तुमचे चौदा धडे बाकी आहेत.'

त्याच आठवड्यात कोपनहेगनहून शार्लोटेबाई आल्या. ही कंपनीची शिक्षणप्रमुख. पांढरेशुभ्र बूट, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते बंद करायचं बटण कुठे असेल म्हणून मी शोधत होते.

"माणसं कामावर जे शिकतात ना," शार्लोटे हात पसरून म्हणाली, "त्यातलं बहुतेक सगळं एकमेकांकडून शिकतात! गप्पा मारताना! कॉफी पिताना!"

"हे सांगायला तू पुलाचा टोल भरून इथवर आलीस?" बोडिलने विचारलं. बोडिल एकसष्ट वर्षांची आहे आणि चौतीस वर्षं याच खुर्चीत विणकाम आणि ऑर्डरी एकदम करते.

"पण हे सगळं हवेत विरून जातं, बोडिल! आपण त्याची नोंद करणार आहोत!"

"नोंदीचं काय करणार?"

"आकडेवारी!"

"आणि आकडेवारीचं?"

"आलेख!"

"आलेख बघून हसणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं," बोडिल माझ्या कानात पुटपुटली.

शार्लोटेला प्रत्येक विभागातून एक 'शिक्षणदूत' हवा होता. सगळे आपापल्या कॉफीच्या पेल्यात बघू लागले. माझ्या डोक्यात मात्र वीज चमकली! कोपनहेगनच्या टेबलावर माझा अर्ज पडलेला, आणि कोपनहेगन इथे हसत उभं! कोंबाचा वृक्ष करून दाखवला, तर तीस तास कुठे जातात? मी हात वर केला.

"शाब्बास, मेरेटे! फक्त आधी तुझे ते चौदा धडे तेवढे संपव हं."

रविवारी दुपारी बसले. मांडीवर आस्ता, एका हातात लापशीचा चमचा, दुसऱ्यात माउस. 'खुर्चीत कसे बसावे.' 'आग लागल्यास कुठे पळावे.' 'ईमेलमधील सौजन्य.' प्रत्येकाच्या शेवटी एक हिरवं बटण, 'वाचले आणि समजले'. पहिला धडा मी खरंच वाचला, शपथ! दुसऱ्याला आस्ताने लापशीत हात घातला. तिसऱ्यापासून मी फक्त बटण वाचत गेले. मधेच कसल्या कसल्या चौकटी उघडत होत्या, त्यांनाही तेच बटण होतं. दाबलं! पुन्हा दाबलं! चाळीस मिनिटांत कोंब असा तरारला की आस्ता पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दा!" (म्हणजे 'मांजर कुठे गेलं'. पानांशी काही संबंध नव्हता.)

सोमवारपासून दूतगिरी सुरू झाली. आता नोंदवायचं काय? आमच्याकडे शिकायचं ठिकाण एकच, केक! म्हणून मी लिहिलं: 'उपक्रम: केक. उपस्थिती: नऊ. कालावधी: वीस मिनिटं. काय शिकलो: धूसर काच कुठे लावू नये.' कोंबाला फूल आलं!

पण वृक्ष व्हायला चाळीस नोंदी हव्या होत्या, आणि आमच्याकडे चुका होतात महिन्याला एखादी. आम्ही काही कोपनहेगनचे नाही! तेव्हा मी जुने केक आठवायला घेतले. माझ्या नोकरीच्या आठ वर्षांतले सगळे. तारखेच्या रकान्यात जुनं वर्ष घालू पाहिलं, तर यंत्रणा म्हणाली, 'शिकणे आज घडते.' मागची तारीख घेईचना! बरं, आज तर आज. रोज दोन-तीन केक टाकत गेले. तीन आठवड्यांत त्रेचाळीस. नाव एकाचंही घातलं नाही. फक्त 'एक ज्येष्ठ सहकारी, विणता विणता' असं एके ठिकाणी आलं असेल.

आणि मग एकेक विचित्र गोष्टी घडू लागल्या.

पहिल्यांदा लक्षात आला फ्लेमिंग. बुधवारी तीन वाजून पाच मिनिटांनी माझ्या टेबलाशी येऊन थांबला. भुवया कपाळात चढलेल्या.

"अजून इथेच?"

मी ओळखलं! हा माझी परीक्षा घेतोय. तीन म्हणजे तीनच वाजता आला, चार नाही की अडीच नाही! माझी घाई कितपत खरी आहे ते बघायला कोपनहेगनने सांगितलं असणार.

"हो तर!" मी छाती पुढे काढून म्हणाले. "मला मुळीच घाई नाही!"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग "बरं बाई," म्हणून गेला. परीक्षेत पास झाल्यासारखं काही त्याच्या तोंडावर दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोर्बेन. एरवी गोदामातून येतानाच गोदामभर ऐकू येणारा माणूस हळू आवाजात म्हणाला, "मेरेटे, तुझ्या घरी ओव्हन चालू आहे ना?"

"आहे की. का रे?"

"काही नाही. सहज. नाक्यावरची बेकरी पण उघडी आहे म्हणे."

सहज? टोर्बेन आणि सहज? या माणसाने आठ वर्षांत माझ्या स्वयंपाकघराची चौकशी केली नव्हती. याला त्या खोपटाच्या खिडकीची नोंद दिसली! बशा धुतल्यानंतरची गोष्ट मी बाहेर काढली, आणि आता हा मला आडून सुनावतोय, की बाई, तू माती खाल्लीस, केक आण!

तिथून मी सावध झाले. कुणी कुजबुजलं की कान टवकारायचे. बोडिल आणि टोर्बेन कॉफीच्या मशीनपाशी उभे, मी आले की गप्प! मी वळले की पुन्हा सुरू! डब्यातले यकृताची पेस्ट लावलेले राय धान्याचे पाव एरवी आम्ही एकमेकांत वाटून खातो, पण आता जो तो आपल्या टेबलाशी बसून आपलं आपण खाऊ लागला. एकदा माझ्या कानावर बोडिलचं वाक्य पडलं, "तीनला जायचं सोडून ही चारपर्यंत बसून काय खरडते, देव जाणे!"

बघा! मी शिक्षणदूत नव्हते त्यांच्या लेखी. मी हेर होते!

आणि शुक्रवारी कहर झाला. सकाळी येते तो माझ्या टेबलावर बोडिलचा केकचा पत्र्याचा डबा! ऑफिसातल्या प्रत्येक मोठ्या केकने ज्या डब्यातून प्रवेश केला तो निळा डबा. मी दोन बोटांनी झाकण उचललं. आत काही नाही. रिकामा! पुसून लख्ख केलेला!

रिकामा डबा म्हणजे काय? तू आमचा केक खाल्लास, आमचा विश्वास खाल्लास, उरला हा पत्रा! घरी येप्पेला सांगितलं तर तो बटाटे सोलत म्हणाला, "डबा विसरली असेल ती." नवरे असेच. त्यांना धमकी समोर आणून ठेवली तरी तिच्यात फक्त डबा दिसतो.

सोमवारी शार्लोटेचं पत्र सगळ्यांना आलं. 'ऑर्डर विभागाच्या नोंदींनी आम्ही थक्क झालो आहोत!' अशी सुरुवात होती. मी खुर्चीतच अर्धी उठले. पुढे होतं: 'तीन आठवड्यांत त्रेचाळीस चुका. ही बाब गुणवत्ता विभागाकडे गेली आहे. गुरुवारी आम्ही भेटीला येत आहोत. चुकांचे प्रमाण पाहता विभागातील कामाच्या सर्व वेळांचा फेरविचार करावा लागेल.'

कामाच्या सर्व वेळांचा!

मी पुन्हा वाचलं. या वेळी प्रत्येक अक्षर वाचलं. माझे तीस तास मी माझ्याच बोटांनी, केकामागून केक टाकून, गाडून ठेवले होते! त्या दिवशी पाळणाघरात आस्ता बाकावर होती. एक बूट पायात, एक मांडीवर. सुस्कारा टाकायचंही तिने सोडून दिलं होतं. तिने नुसता बूट पुढे केला. मी तो घालताना इतका वेळ लावला, की पाळणाघरातली उल्ला म्हणाली, "मेरेटे, तो बूट झाला आता."

ठरवलं. कायदा तो कायदा. बुधवारी संध्याकाळी ब्रुन्सविगर केला. दोन ताटं! लोणी आणि ब्राऊन साखर इतकी, की बोटाने पाडलेल्या खड्ड्यांची तळी झाली. गुरुवारी तो बोडिलच्या निळ्या डब्यात भरला आणि दहाला टेबलावर ठेवला.

शार्लोटे आली होती. तिच्यासोबत गुणवत्ता विभागाचा एक उंच, उदास माणूस होता, हातात वही. नऊची नऊ माणसं जमली होती. आणि मला धक्का बसला तो हा, की डबा पाहताच सगळ्यांचे चेहरे उजळले!

"अखेर!" टोर्बेन ओरडला.

"मी म्हटलं नव्हतं?" बोडिल सगळ्यांना म्हणाली. "इशारा कळायला जरा उशीर लागला, पण पोरगी आपलीच आहे!"

मी सुरी हातात घेतली. "मी माती खाल्ली," मी म्हणाले.

"हो ना, तीन आठवडे झाले!" टोर्बेन खुशीत म्हणाला.

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! मग मी काही मागे ठेवलं नाही. धुतलेल्या बशांच्या गोष्टी कशा नोंदवल्या, मागची तारीख कशी पडेना, आठ वर्षांच्या चुका तीन आठवड्यांत कशा कोंबल्या, सगळं भडाभडा सांगितलं. "तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत ते बरोबरच केलंत," मी म्हणाले. "पण शिक्षा मला करा, विभागाला नको."

सगळी माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी खिडकीच्या ऑर्डरला हत्ती पाठवला!

शेवटी बोडिलने विणकाम खाली ठेवलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा!

"थांब. म्हणजे हा तीस तासांचा केक नाही?"

"कसले तीस तास?"

"तुझे! तुला मिळालेले, फ्लेमिंगने आम्हाला सांगितले ते! अगं, एवढी आनंदाची बातमी मिळाली आणि तीन आठवडे केकचा पत्ता नाही! आम्ही म्हटलं, आईपणाचा गर्व चढला की काय हिला! मी बाई डबा पुसून टेबलावर ठेवला, तरी तू ढिम्म!"

"आणि मी ओव्हनचं विचारलं," टोर्बेन म्हणाला, "बेकरीचंही सांगितलं!"

"तुम्ही नोंदींवर चिडला नव्हता?"

"कसल्या नोंदी? ते स्पायर उघडतो कोण!"

शार्लोटेचं हसू बंद झालं. बटण सापडलं, पण आता मला त्यात रस नव्हता.

फ्लेमिंगने स्पायरमधलं माझं पान उघडून पडदा माझ्याकडे वळवला. तिथे होतं: 'मेरेटे, तुमचा अर्ज मंजूर. उद्या, सोमवारपासून आठवड्याचे तीस तास. सुटण्याची वेळ: दुपारी तीन.' आणि त्याखाली हिरव्या अक्षरात: 'वाचले आणि समजले. रविवार, सोळा वाजून बारा मिनिटे.'

लापशी! तो लापशीचा रविवार!

"मी तीनला येऊन विचारलंसुद्धा, अजून इथेच?" फ्लेमिंग म्हणाला. "तू म्हणालीस, मुळीच घाई नाही! आता बाईमाणसाला घाई नाही तर मी काय ढकलून घरी पाठवू?"

मला हसावं की रडावं कळेना. तीन आठवडे! तीन आठवड्यांचे रोजचे तीन ते चार! ती बाकावरची टोपी, तो मांडीवरचा बूट! मी रडायला लागले, आणि सगळे मला समजवायला धावले. म्हणजे धावता धावता ज्याने त्याने एकेक तुकडा उचलला.

तो उंच, उदास माणूस तेवढ्यात तिसरा तुकडा संपवत होता. "आठ वर्षांत त्रेचाळीस?" त्याने विचारलं. "फक्त?"

"तुमच्याकडे किती?" बोडिलने पुन्हा सुया उचलल्या.

"आमच्या नोंदीत एकही नाही."

"आणि परत आलेल्या खिडक्या?"

त्याने बशीकडे पाहिलं. "त्या ठेवायला गोदाम भाड्याने घेतलंय," तो हळूच म्हणाला. मग वही मिटली. "वेळांचं राहू दे, शार्लोटे. हिचे तीस तास तसेच ठेवू. बाई, यात लोणी किती घालतेस?"

त्रेचाळीस चुका मात्र आमच्या नावावर कायम राहिल्या. स्पायरमध्ये एकदा शिकलेलं पुसता येत नाही म्हणे! जुन्या बशा उकरून काढल्याबद्दल मला आणखी एक केक पडला तो वेगळाच. बोडिल म्हणाली, "'ज्येष्ठ सहकारी' लिहिलंस ना? त्यात बदाम घाल!"

त्या दिवशी तीनला दोन मिनिटं कमी असताना टोर्बेनने माझा कोट आणला आणि बोडिलने टोपी चढवली, आम्ही आस्ताला तयार करतो अगदी तशी. मी अशी सायकल हाणली की वाऱ्यालाही धाप लागली असेल!

पाळणाघरात सगळी पोरं अजून होती. आस्ता वाळूत बसून बादलीत बादली घालत होती. मला पाहताच तिचा हात थांबला. ती धावत आली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. भुवया थेट फ्लेमिंगसारख्या.

"दा?" ती म्हणाली.

हा पाचवा अर्थ होता, पण मला तोही कळला. 'इतक्या लवकर? काय भानगड आहे?'

मी तिला वाळूसकट उचललं. भानगड खूप मोठी होती. मोठी झाली की सांगेन.

आता एक शेवटचं. सोमवारी स्पायरने मला एक नवा धडा लावला, 'सूचना लक्षपूर्वक कशा वाचाव्यात'. पंचेचाळीस मिनिटांचा! मी ठरवलं, या वेळी अक्षर न् अक्षर वाचायचं. आत्ता, आस्ता झोपली आहे तोवर, तेच करायला बसले होते. दुसऱ्या पानापर्यंत प्रामाणिकपणे वाचलं, मग म्हटलं आधी तुम्हाला हे सांगावं. ...थांबा हं, झाडाखालून 'दा' आलं! आणते तिला.

आणली. मांडीवर बसवली. तेवढ्यात या बाईने एक बोट पुढे केलं आणि ते थेट हिरव्या बटणावर टेकवलं! पडद्यावर फुलं पडली. प्रमाणपत्र आलं. माझ्या नावाचं! 'वाचले आणि समजले.'

तुम्ही कुणाला बोलू नका. बोडिलला कळलं तर पुन्हा बदाम आणावे लागतील.